कूर्मदास लहूळलाच का थांबले?



चार वर्षांपूर्वी कीर्तनसेवा थांबवली. गुडघे उभे राहू देईनात, आणि बसून कीर्तन करणे मनाला पटेना. आता घरी ज्ञानेश्वरीचे वाचन, दोन मुलांना हरिपाठाची संथा, एवढेच चालते. संपादकांनी काहीतरी लिहून द्या म्हटले तेव्हा एखाद्या अभंगाचे चिंतन लिहावे असे प्रथम वाटले होते. पण अकरा वर्षे एक प्रश्न मनात रुतून बसला आहे, तोच आज आपल्यापुढे ठेवतो. प्रश्न माझा नाही. माझ्या एका श्रोत्याचा आहे.

भीमाकाठच्या एका गावात दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह असे. तिथे माझी एक सेवा ठरलेली. त्या गावचे विठ्ठलमंदिर जुने, दगडी, नक्षीच्या खांबांचे. सभामंडपाला पाच उंच पायऱ्या. कीर्तन मंडपात, आणि पायऱ्यांच्या खाली, चपलांच्या ढिगाशेजारी एक गृहस्थ बसलेले असायचे. लहानपणी पोलिओने दोन्ही पाय गेलेले, हातांत रबरी चपला घालून हातांवर चालायचे. टाळ मात्र असा वाजवत की ठेका कधी ढळला नाही. मी त्यांना वरून पाहत असे आणि मनात म्हणत असे, केवढी ही नम्रता! संतांच्या पायताणाशेजारी बसायला मिळावे अशी इच्छा भक्तांनी धरलेली आपण वाचतो, हा तर प्रत्यक्ष बसतो. एका वर्षी मी हे कीर्तनात बोलूनही दाखवले. लोकांनी माना डोलावल्या, टाळ्या वाजवल्या. ते गृहस्थ मान खाली घालून बसले. त्याचाही अर्थ मी नम्रता असाच घेतला.

त्याच रात्री मी कूर्मदासांची कथा लावली होती. कीर्तन झाले, प्रसाद झाला, मी खाली उतरून चपला शोधू लागलो. ते म्हणाले, "महाराज, एक इचारू का?"

"विचारा की माउली."

"कूर्मदासाला देव भेटला, त्यो लहूळात. पर त्यो निघाला हुता पंढरीला. त्याला चंद्रभागा बघायची आसंल, गरुडखांबाला मिठी मारायची आसंल. ते त्याचं ऱ्हायलंच न्हवं?"

मी काहीतरी बोललो. जिथे देव तिथेच पंढरी, असे काहीसे. ते हसले आणि म्हणाले, "व्हय, ते बी खरंच." एवढ्यावर त्यांनी मला सोडले. परतीच्या गाडीत मात्र मला झोप आली नाही.

कूर्मदासांची कथा आपल्या सर्वांना पाठ आहे. पैठणचा हा भक्त हातापायांनी अधू. कीर्तनात पंढरीचा महिमा कानी पडला आणि पोटावर सरपटत, लोळत निघाला. अंग सोलवटले तरी थांबला नाही. लहूळला आला तेव्हा एकादशी जवळ येऊन ठेपली होती आणि अंगातले बळ सरले होते. मग त्याने पंढरीला निघालेल्या यात्रेकरूंजवळ देवासाठी निरोप दिला. देव ज्ञानदेव-नामदेवांना बरोबर घेऊन निघाले, वाटेत अरणला सावता महाराजांची भेट झाली, आणि शेवटी लहूळला येऊन देवांनी कूर्मदासाला पोटाशी धरले.

ही कथा मी चाळीस वर्षांत किती वेळा सांगितली याची गणती नाही. लोळण्याचे वर्णन करताना आवाज कसा खाली आणायचा, देव निघाले म्हणताना मृदंग कसा उचलून घ्यायचा, हे सगळे बसवलेले होते. श्रोत्यांच्या डोळ्यांत हमखास पाणी येई. पण त्या रात्री प्रथमच माझ्या लक्षात आले की या कथेत आणखी माणसे आहेत. निरोप नेणारे यात्रेकरू! ते कूर्मदासाजवळ थांबले, त्याचे बोलणे ऐकले, निरोप घेतला आणि पुढे चालू लागले. एकाच्याही मनात आले नाही की याला पाठंगुळी घ्यावे, नाहीतर एखाद्या गाड्यात घालावे. आम्ही कीर्तनकार त्यांना कधी जाब विचारत नाही. आमचे सारे लक्ष देवाच्या येण्याकडे. देव आला म्हणजे माणसांचे न येणे झाकले जाते.

याला मी आमच्या निरूपणातला दोष म्हणतो. कथेचा नव्हे, आमचा. कथा सांगते की देव भक्तासाठी राऊळ सोडून चालत गेला. आम्ही तिचा असा अर्थ पसरवला की पांगळ्याने पंढरीला येण्याची गरजच नाही, देव त्याच्याकडे जातो. या समजुतीने आपले सगळ्यांचे काम किती सोपे केले पाहा. पायरी तशीच राहते आणि जबाबदारी देवावर जाते.

दुसरा दोष रूपकाचा. आपल्या भारुडांत आंधळा येतो, पांगळा येतो, बहिरा येतो, मुका येतो. तो अज्ञानी जीव आहे, हे आम्ही मन लावून समजावतो, आणि ते चूकही नाही, संतांना तेच सांगायचे आहे. गीतेच्या ध्यानाच्या श्लोकांत कृपेने पांगळा डोंगर ओलांडतो असे येते. प्रत्येक कीर्तनकाराच्या तोंडी तो श्लोक असतो. पण रूपक इतके ओठांवर बसले की समोर खरा पांगळा माणूस बसला आहे, त्याला डोंगर नको, पाच पायऱ्या ओलांडून हव्या आहेत, हे दिसेनासे झाले. आणि कुणी पूर्वकर्माची गोष्ट काढलीच तर त्यांना माझी विनंती आहे की ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय उघडावा. तिथे माउली अहिंसेचे निरूपण करतात. पाऊल टाकताना खाली बारीकसा जीव दुखावू नये म्हणून जपून चालणारा माणूस त्यांनी रंगवला आहे. ज्यांनी मुंगीची एवढी काळजी केली त्यांच्या दारात माणसाला कर्माचा हिशेब विचारून बाहेर बसवणे कुठल्या शास्त्रात बसते?

आता मंदिरांकडे येतो. केवळ मंदिरेच नव्हेत, लेणी आणि किल्लेही. आपली वारसास्थळे म्हणून आपण जे मिरवतो ते सगळे.

उतार बसवा, कठडा लावा, असा विषय निघाला की पहिले उत्तर ठरलेले असते: "वास्तू पुरातन आहे, मूळ रूपाला धक्का लावता येत नाही." हे उत्तर मी वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या तोंडून ऐकले आहे. ते पूर्ण खोटे नाही. जुन्या दगडाला छिन्नी लावू नये, हे मलाही मान्य आहे. पण हेच मूळ रूप इतर वेळी कुठे जाते? कितीतरी जुन्या देवळांत मी पाहिले आहे. फरशीवर गुळगुळीत टाइल्स बसतात, खांबांना तैलरंग फासला जातो, शिलालेखावर विजेच्या बटणांचा फळा ठोकला जातो, गाभाऱ्याच्या दारात पंखा टांगला जातो. देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी तर जिथे जागा मिळेल तिथे. गर्दीसाठी लोखंडी गज रोवले जातात, ते दगडात भोके पाडूनच. त्या वेळी मूळ रूपाची आठवण कोणाला होत नाही. चाकाच्या खुर्चीचे नाव काढले की मात्र होते.

पंढरपूरचेच पाहा. आपले राऊळ एका दिवसात, एका हाताने बांधलेले नाही. सोळखांबीत जो चौऱ्यांशीचा शिलालेख आहे, तो तेराव्या शतकातल्या देणगीदारांची नोंद. म्हणजे माउलींच्या बालपणीही या देवळाचे काम चालू होते. पुढच्या शतकांत मंडप वाढले, ओवऱ्या आल्या, दारे आली. आपल्या काळात चांदी आली, ग्रॅनाइट आले. मग २०२४ साली ते सगळे काढून मूळ दगड मोकळा करण्याचे काम झाले. मार्चच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत पदस्पर्शदर्शन बंद होते, आपण सर्वांनी ते सोसले. नंतर तो काळा दगड पाहिला तेव्हा माझ्यासारख्या म्हाताऱ्याला फार बरे वाटले, लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून पाहिलेले देऊळ परत भेटल्यासारखे. हे काम चांगले झाले असे माझे मत आहे आणि ते मी मोकळेपणाने सांगतो. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली. मनात आले म्हणजे दर्शन अडीच महिने थांबवता येते, पैसा उभा राहतो, पुरातत्त्व जाणणारी माणसे येतात, दगड न दगड तपासला जातो. दगडासाठी एवढे होऊ शकते तर गुडघ्यासाठी का होऊ नये?

नामदेव पायरीचे नाव इथे कोणीतरी काढणारच, म्हणून आधीच सांगतो. ती पायरी हलवा किंवा झाका असे म्हणण्याचे पाप माझ्या हातून होणार नाही. नामदेवरायांनी संतांच्या पायांची धूळ लागावी म्हणून ती जागा मागून घेतली. पण ज्यांना पायच नाहीत, त्यांची धूळ नामदेवरायांना नको होती का? महाद्वाराशिवाय राऊळाला इतर दारेही आहेत. बाहेरच्या बारीसाठी जो नवा दर्शनमंडप आणि स्कायवॉक मंजूर झाल्याची बातमी आपण वाचली, त्याला तर पुरातनपणाची काही अडचणच नाही. ते बांधकाम आपल्या डोळ्यांसमोर होणार. तिथे एकही अनाठायी पायरी राहू नये, एवढी मागणी फडांनी आणि दिंड्यांनी आजच लेखी केली पाहिजे. काम झाल्यावर कुरकुर करण्यात आपण वारकरी पटाईत आहोत, आधी सांगण्यात नाही.

उताराचे गणित मला एका इंजिनिअर शिष्याने समजावले, ते आपल्याही उपयोगाचे आहे. एक फूट उंची चढायची तर बारा फूट लांबीचा उतार लागतो. यापेक्षा उभा केला तर खुर्ची स्वतः ढकलणाऱ्याला चढवत नाही आणि उतरताना ती हातातून सुटते. हे कळल्यावर मी मुद्दाम पाहू लागलो. कितीतरी ठिकाणी तीन फूट उंचीला सहा फुटांचा सिमेंटचा घसरगुंडीसारखा उतार केलेला दिसतो. त्याच्यावरून फक्त दुधाची किटली आणि मोटारसायकल जाते. एका प्रसिद्ध स्थळी उतार चांगला होता, पण तो मागच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या अंगणात. दाराला कुलूप, आणि किल्ली ज्याच्याकडे तो जेवायला गेलेला. पाऊण तास मी आणि माझ्याबरोबरची म्हातारी बाई खरकट्याच्या वासात बसून होतो. दुसऱ्या एका ठिकाणी उतार चढून गेलो तर पुढे आत तीन पायऱ्या. विचारले तर म्हणाले, "नियमात एक रॅम्प पाहिजे होता, तो केला." ब्रेल लिपीतला फलक साखळीच्या पलीकडे भिंतीवर लावलेलाही मी पाहिला आहे. हात पोहोचला तर वाचणार ना?

दुसरे उत्तर सोवळ्याचे. चाकाला रस्त्याची घाण असते, म्हणून खुर्ची आत नको. कॅलिपरला बूट जोडलेला असतो, म्हणून तो काढा. एका देवळात एका बाईला जयपूर फूट काढून ठेवायला सांगताना मी स्वतः ऐकले. तिने पदर दातांत धरून, भिंतीला टेकून, सगळ्यांसमोर तो पाय सोडवला. तिची मुलगी शेजारी रडत होती. तो पाय पादत्राण आहे की पाय, एवढे ठरवायला काही मोठे शास्त्र लागत नाही. चाके ओल्या फडक्याने पुसली की झाले. दारात दोन स्वच्छ खुर्च्या देवळाच्याच ठेवल्या, की तोही प्रश्न मिटतो. गंमत अशी की पालखीच्या रथाची चाके रस्ताभर चिखलातून येतात आणि आपण त्या चाकांना हात लावून डोळ्यांना लावतो.

इथे थोडे विषयांतर करून आमच्या पखवाजी बुवांविषयी सांगतो, कारण स्पर्शाचा प्रश्न त्यांच्यामुळे मला उमगला. ते जन्मांध. वीस वर्षे माझ्याबरोबर साथ केली. पंढरीत गेलो की म्हणत, "माझं दर्शन तुमच्यापेक्षा पुरं असतं. तुम्ही बघता आणि ढकलले जाता. माझं कपाळ पायाला लागतं." आपल्या विठोबाचे हे केवढे मोठेपण आहे! मोठमोठ्या देवस्थानांत देव लांबून पाहायचा असतो, आणि इथे कोणीही यावे, पायांवर डोके ठेवावे. आंधळ्याला याहून चांगले दर्शनशास्त्र कुठल्याच संग्रहालयाने अजून शोधलेले नाही. तेच बुवा एकदा आमच्याबरोबर लेणी पाहायला आले. आम्ही सगळे वर पाहून वा वा करत होतो, ते एका खांबाजवळ उभे होते. हात पुढे केला तसा रखवालदार ओरडला, "हात लावू नका!" त्याचेही बरोबर होते. हजारोंचे हात लागले की दगड झिजतो, आणि अजिंठ्याच्या चित्रांना तर श्वासाच्या ओलाव्यानेही इजा होते. पण परत येताना बुवा म्हणाले, "तिकीट तेवढंच घेतलं, आणि मला दाखवलं काय? गारवा." यावर उपाय आहे. मूर्तीची, खांबाची, सबंध लेण्याची लहान प्रतिकृती दगडात किंवा धातूत करून दाराशी ठेवावी, हात फिरवायला. डोळसांचाही त्यात फायदा आहे. सबंध डोंगर कसा कोरला हे आत उभे राहून कोणालाच कळत नाही. बहिऱ्यांसाठी लेखी माहिती सोप्या मराठीत लावावी. हल्लीचे माहितीफलक इतके जड असतात की ऐकू येणाऱ्यालाही ते कळत नाहीत.

गड आणि लेणी यांच्या बाबतीत माझी मागणी वेगळी आहे. प्रत्येक कड्यावर लिफ्ट लावा असे मी म्हणणार नाही. शत्रूला चढता येऊ नये म्हणूनच जो बांधला, तो गड सर्वांना सोपा कसा होईल? रायगडाला १९९६ पासून रोपवे आहे, सप्तशृंगीला २०१८ साली रुळांवरची ट्रॉली सुरू झाली. त्यामुळे माझ्या वयाची किती माणसे वर जाऊन आली! पण रायगडावर रोपवेतून उतरले की मेणा दरवाजाकडे जायला पुन्हा पायऱ्या आहेतच. अर्ध्या वाटेवर आणून सोडायचे आणि पुढचे ज्याचे त्याने पाहायचे, ही आपली जुनी खोड. अजिंठ्याला, घारापुरीला डोली मिळते. एकदा मी डोलीत बसलो आहे. पुढचा भोई माझ्या मुलाच्या वयाचा. त्याच्या मानेवरचा घाम मला दिसत होता आणि मी मनातल्या मनात त्याची क्षमा मागत होतो. त्याचे पोट त्यावर चालते हे खरे, पण ज्याला रोज, प्रत्येक ठिकाणी असे उचलून घ्यावे लागते त्याच्या मनाचे काय होत असेल, हे मला त्या वीस मिनिटांत कळले. २०२५ साली शिवनेरी, रायगड, पन्हाळा, सिंधुदुर्ग यांच्यासह बारा किल्ले जागतिक वारशात गेले. आपली छाती फुगली. आता पैसा येईल, पायवाटा होतील, दिवे लागतील. जिथे वाट नव्याने करणारच आहात तिथे पहिल्या बुरुजापर्यंत, पहिल्या दरवाजापर्यंत तरी ती खुर्चीची वाट करा. जिथे शक्य नाही तिथे खालीच एक चांगली जागा करा, जिथून गड दिसेल आणि त्याची प्रतिकृती हाताला लागेल. तिकीटघराच्या कट्ट्यावर पिशव्या सांभाळत बसणे, ही सध्या आमच्यासारख्यांची जागा आहे.

आणि हे होऊ शकत नाही असे कोणी म्हणू नये. जानेवारी २००१ मध्ये स्टीफन हॉकिंग हे थोर शास्त्रज्ञ दिल्लीला आले. ते चाकाच्या खुर्चीत. त्यांच्यासाठी कुतुबमिनारसारख्या ठिकाणी तातडीने लाकडी उतार बसवले गेले. ना दगड फुटला, ना इतिहास बुडाला. लाकडी उताराचे हेच तर वैशिष्ट्य आहे की तो नुसता टेकवायचा, नको तेव्हा उचलायचा. जुन्या वास्तू सांभाळणाऱ्यांचाही दंडक असाच आहे की नवी भर अशी घालावी की पुढे काढून टाकता यावी. मोठा पाहुणा आला म्हणून जे काही दिवसांत झाले, ते आपल्या माणसांसाठी वर्षानुवर्षे होत नाही. २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात एकोणतीस लाखांहून अधिक माणसे अपंग म्हणून नोंदली गेली. त्यांत माझ्यासारखे गुडघेवाले म्हातारे धरलेलेच नाहीत.

कायदाही आता त्यांच्या बाजूला आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो की सार्वजनिक इमारती ठरलेल्या मुदतीत सर्वांना जाता येईल अशा करायच्या, आणि ती पाच वर्षांची मुदत उलटून गेली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सुगमतेचे निकष नुसते सूचनावजा ठेवू नका, सक्तीचे करा. मला कायद्यातले फार कळत नाही. दिव्यांग हा शब्दही मला अवघड वाटतो, कारण शब्द दिव्य करून पायरी तशीच ठेवण्याची सोय त्यात आहे. त्या टाळकरी गृहस्थांना मी एकदा विचारले, तुम्हाला काय म्हणावे? ते म्हणाले, "नावानं हाक मारा की."

१९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपूरला उपोषणाला बसले, आणि हरिजनांना राऊळ खुले झाले. त्या वेळी विरोध करणाऱ्यांनीही परंपरेचेच नाव पुढे केले होते. माझे गुरुवर्य तो काळ सांगताना गहिवरत असत. चोखोबा शतकानुशतके महाद्वारासमोर बाहेरच राहिले, तिथेच त्यांची समाधी. दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असे मी म्हणणार नाही. तिथे माणसाने माणसाला विटाळ मानून अडवले होते, ते महापाप होते. इथे कोणी अडवत नाही, नुसते कोणी पाहत नाही. पण बाहेर बसलेल्याला आतला अभंग जसा ऐकू येतो, तो दोघांना सारखाच ऐकू येत असणार.

त्या भीमाकाठच्या गावाचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. त्या रात्रीनंतर दोन वर्षे मी गप्प होतो, हे कबूल करतो. तिसऱ्या वर्षी सप्ताहाची पत्रिका ठरवायला मंडळी आली तेव्हा म्हणालो, माझी सेवा हवी असेल तर बिदागी नको, त्या पैशात पायऱ्यांशेजारी उतार करा. मंडळींनी एकमेकांकडे पाहिले. एक वडीलधारे म्हणाले, "बुवा, आपलं देऊळ पुरातन आहे." मी म्हणालो, "म्हणूनच लाकडी करा." पाच पायऱ्यांची उंची मोजली, ती अडीच फूट भरली. म्हणजे तीस फुटांचा उतार पाहिजे. अंगण इतके लांब नव्हते. गावच्या सुतारानेच डोके चालवले. ओवरीच्या भिंतीला धरून पंधरा फूट चढवला, तिथे एक सपाट ओटा केला, तिथून वळवून पुन्हा पंधरा फूट. बाभळीच्या फळ्या, एका बाजूला हातभर उंच कठडा, कडेला चाक घसरू नये म्हणून पट्टी. दगडाला एक खिळा मारला नाही. पहिल्या पावसाळ्यात फळ्या शेवाळून निसरड्या झाल्या, एक पोरगा पडला, आणि विरोधकांना जोर आला. मग त्यावर काथ्याची चटई ठोकली. ती दरवर्षी आषाढीआधी बदलावी लागते, आणि ते काम कुणाचे यावरून दरवर्षी वाद होतो.

उतार झाला तेव्हा सगळ्यांत आधी त्यावरून कोण गेले असेल? गावातल्या म्हाताऱ्या. मग बाळंतीण लेकी, कडेवर पोर घेऊन. पायऱ्यांवरून चढणारे दोनचार तरणे पोरगेच उरले. टाळकरी गृहस्थ पहिल्या दिवशी आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी काकड्याला, कोणी नसताना, ते हातांवर चालत वर गेले, असे पुजाऱ्यांनी मला सांगितले. किती वेळ आत होते ते पुजाऱ्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही. रात्री कीर्तनाला उभा राहिलो तेव्हा ते मंडपात, डावीकडच्या खांबाशी बसले होते. कीर्तन संपल्यावर मी मुद्दाम त्यांच्यापाशी गेलो. वाटले, काहीतरी बोलतील.

म्हणाले, "महाराज, हितनं खांब आडवा येतो. तुमचं तोंड दिसत न्हाई. खालनं बरं दिसायचं."

पुढच्या वर्षी त्यांची बैठक पखवाजाशेजारी केली.